तंबाखूची पावती कशी मंजूर करायची: कॅनडातल्या विद्यापीठात मूलनिवासी संशोधनाचं कार्यालयीन काम, नव्याने लागलेल्यांसाठी

तंबाखूचं पाकीट एक, लाल सुती कापड एक मीटर. मी संशोधन कार्यालयात रुजू होऊन तिसरा आठवडा चालू होता आणि ही पावती टेबलावर आली. खर्च ग्रँटमध्ये टाकायचा होता. मी शेरा मारला, ‘वैयक्तिक वस्तू, ग्रँटमधून देय नाही’, आणि पावती परत धाडली. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकबाई स्वतः जिना उतरून खाली आल्या. रागावल्या नव्हत्या, थकल्यासारख्या दिसत होत्या. म्हणाल्या, “या खुर्चीवर आलेली तू चौथी. आधीच्या तिघींनाही मीच समजावलंय.”

मैदानी प्रदेशातल्या आणि ग्रेट लेक्सभोवतीच्या बऱ्याच फर्स्ट नेशन्समध्ये (कॅनडातल्या मूलनिवासी समाजांचा एक मोठा गट) जाणत्या माणसाकडे काही विचारायला जायचं तर आधी कापडात बांधलेला तंबाखू पुढे करतात. त्यांनी तो घेतला तर विनंती स्वीकारली. नाही घेतला तर विषय तिथेच संपला. आपल्याकडे अक्षत देऊन आमंत्रण करतात, तशातलीच गोष्ट. म्हणजे माझ्या शेऱ्याने त्या प्रकल्पाचं आमंत्रणच नामंजूर केलं होतं.

हा लेख त्या खुर्चीवर येणाऱ्या पाचव्या माणसासाठी आहे. कॅनडातल्या विद्यापीठात संशोधन कार्यालय, विभाग, अकाउंट्स किंवा ग्रॅज्युएट स्टडीजमध्ये (पदव्युत्तर आणि पीएच.डी. विद्यार्थ्यांचं कार्यालय) तुम्ही नुकते लागला असाल, आणि मूलनिवासी अभ्यासकांच्या किंवा मूलनिवासी समाजांबरोबर चाललेल्या प्रकल्पांच्या फायली तुमच्याकडे आल्या असतील, तर पहिल्या सहा महिन्यांत काय करायचं ते इथे क्रमाने लिहिलं आहे. प्रत्येक विद्यापीठाचे फॉर्म वेगळे असतात, त्यामुळे फॉर्मचे नंबर देत नाही. अडखळायच्या जागा मात्र सगळीकडे त्याच.

पहिली पायरी: शब्द नीट करा

१९८२ च्या राज्यघटना कायद्याचं कलम ३५ तीन समाजांना मूलनिवासी मानतं: फर्स्ट नेशन्स, इन्युइट (आर्क्टिक भागातले) आणि मेटी (मूलनिवासी आणि युरोपीय यांच्या मिश्र वंशातून घडलेला समाज). २०२१ च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे १८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ५ टक्के होती. त्यात एकट्या फर्स्ट नेशन्सच ६०० हून जास्त आहेत, आणि भाषा सत्तरच्या वर. त्यामुळे ‘मूलनिवासी समाजाची पद्धत काय?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणत्या नेशनची, कोणत्या गावाची, हे आधी विचारायचं. तंबाखूचंच घ्या: इन्युइट समाजात ती पद्धत नाही, पश्चिम किनाऱ्यावरच्या कित्येक नेशन्समध्येही नाही. मी शहाणी झाल्यावर उत्साहाने एका इन्युइट पाहुण्यांसाठी तंबाखूची पुडी बांधून ठेवली होती. त्यांनी हसून विचारलं, “हे मी काय करू?”

‘इंडियन’ या शब्दाची आपल्या लोकांची वेगळीच पंचाईत होते. १८७६ चा इंडियन अॅक्ट आजही लागू आहे, ‘स्टेटस इंडियन’ हा कायदेशीर दर्जा आहे, आणि फॉर्मवर तो शब्द दिसतो. तो फॉर्मवरच राहू द्या, बोलण्यात आणू नका. आणि स्वतःबद्दल बोलताना ‘आय अॅम इंडियन’ म्हणायच्याऐवजी ‘आय अॅम फ्रॉम इंडिया’ म्हणायची सवय लावा. एकदा फोनवर मी पहिलं वाक्य बोलले तर पलीकडच्या बाईंनी आनंदाने विचारलं, “कुठल्या नेशनची?” पुढची दोन मिनिटं दोघींनाही अवघड गेली.

नावांचं लिखाण हा याच पायरीचा भाग. व्हँकुव्हरजवळच्या स्क्वामिश नेशनचं त्यांच्या भाषेतलं नाव लिहिताना रोमन अक्षरांच्या मधोमध चक्क ७ चा आकडा येतो. घशातला एक छोटा झटका दाखवायला तो वापरतात. तिथे तो आकडा नसून अक्षर आहे. आमच्या पेमेंटच्या प्रणालीला हे पटत नव्हतं. ती ‘अवैध नाव’ म्हणून फॉर्म परत फेकायची, आणि कोणीतरी तो ७ टायपिंगची चूक समजून खोडायचं. तुमची प्रणाली काय स्वीकारते हे आधीच तपासून ठेवा. जिथे ती अडते तिथे कायदेशीर नाव एका रकान्यात आणि माणसाचं खरं लिखाण दुसऱ्यात, असा मार्ग आयटीकडून काढून घ्या. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ज्या निवासी शाळांमध्ये ठेवलं, तिथे त्यांची नावंच बदलली गेली होती. या शाळांची चौकशी करणाऱ्या ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशनच्या ९४ शिफारशींपैकी सतरावी, ती मूळ नावं परत घेताना सरकारी शुल्क माफ करण्याबद्दल आहे. तेव्हा नाव खोडणं ही इथे किरकोळ चूक समजली जात नाही.

दुसरी पायरी: इतिहास, पण टेबलावर येतो तेवढाच

पुस्तकंच्या पुस्तकं वाचायला वेळ मिळणार नाही. तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तर समोरचा माणूस अमुक कागदावर सही करायला का कचरतो ते कळेल.

एक, मूळ १८७६ च्या इंडियन अॅक्टमध्ये अशी तरतूद होती की फर्स्ट नेशन्सच्या माणसाने विद्यापीठाची पदवी घेतली की त्याचा ‘इंडियन’ हा कायदेशीर दर्जा जाईल. पदवी घ्या आणि आपल्या समाजातून कागदोपत्री बाहेर पडा. विद्यापीठ नावाच्या संस्थेशी पहिली ओळख ही अशी झाली.

दोन, निवासी शाळा. सुमारे दीड लाख मुलं घरातून उचलून या शाळांत टाकली गेली. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. १९४० आणि ५० च्या दशकांत त्यातल्या काही शाळांमध्ये आधीच उपाशी असलेल्या मुलांवर पोषणाचे प्रयोग झाले. संमती कोणी विचारली नव्हती.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त आपल्या कामाची. १९८० च्या दशकात ब्रिटिश कोलंबियातल्या नू-चा-नुल्थ लोकांकडून एका विद्यापीठीय संशोधकाने रक्ताचे ८८३ नमुने घेतले. त्या समाजात संधिवाताचं प्रमाण मोठं होतं आणि त्याचं कारण शोधायचं, असं सांगितलं होतं. कारण सापडलं नाही. संशोधक नोकरी बदलून आधी अमेरिकेत, मग इंग्लंडला गेला, नमुने त्याच्याबरोबर गेले, आणि त्यांच्यावर माणसांच्या प्राचीन स्थलांतराचा अभ्यास झाला. लोकांनी त्याला होकार दिलेला नव्हता. नमुने परत यायला २००४ उजाडलं. ही गोष्ट सांगताना दोष नेहमी संशोधकाला देतात, आणि तो आहेच. पण कार्यालयात बसणाऱ्याने वेगळा प्रश्न विचारावा: संशोधक नोकरी सोडून जाताना त्याच्या फ्रीजमध्ये काय आहे आणि ते कोणाचं आहे, हे तपासायचं काम कोणाच्या टेबलावर होतं? आज ते तुमच्या टेबलावर आहे. शेवटच्या पायरीत त्याकडे येते.

तिसरी पायरी: परवानग्यांचा क्रम

कॅनडातल्या तिन्ही मोठ्या अनुदान संस्था, म्हणजे शर्क (सामाजिक शास्त्रं आणि मानव्यविद्या), एन्सर्क (विज्ञान आणि अभियांत्रिकी) आणि सीआयएचआर (आरोग्य), टीसीपीएस-२ हे माणसांवरच्या संशोधनाचे नीतिनियम पाळायला लावतात. २०१० च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्यात नववं प्रकरण आहे ते पूर्ण फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी समाजांबरोबरच्या संशोधनाबद्दल. ते एकदा सलग वाचून काढा. गाभा असा की संशोधनाचा समाजावर परिणाम होण्याची शक्यता असेल तिथे समाजाला सुरुवातीपासून सोबत घ्यावं लागतं. प्रत्येक सहभागी माणसाची संमती लागतेच. तिच्यासोबत समाजाचाही सहभाग लागतो.

नवीन माणूस हमखास अडकतो तो इथे. संशोधक विचारतात, “एथिक्सची मंजुरी नाही, मग मी गावात जाऊन बोलू शकतो का?” आणि कार्यालयातून घाबरून उत्तर जातं, नाही. हे चूक आहे. ओळख करून घेणं, भागीदारी जुळते का ते बघणं, प्रकल्पाची रूपरेषा एकत्र बसून ठरवणं, या प्राथमिक बोलण्यांना विद्यापीठाच्या एथिक्स बोर्डाची, म्हणजे संशोधन नीतिनियमांना धरून आहे का ते तपासणाऱ्या समितीची, मंजुरी लागत नाही, असं टीसीपीएस-२ च्या सहाव्या प्रकरणातच लिहिलं आहे. त्या भेटींत माहिती गोळा करायची नाही, इतकंच. नाहीतर होतं काय, की संशोधक सगळा आराखडा इथे बसून पक्का करतो, मंजुरी घेतो, आणि मग गावात सही मागायला जातो. ती सही मिळत नाही, मिळाली तरी मनापासून नसते.

मग क्रम साधारण असा धरा. ओळख आणि बोलणी. त्यातून संशोधन करार: कोण काय करणार, माहिती कुठे राहणार, प्रसिद्धीआधी कोण वाचणार, पैसे कसे जाणार. त्याच सुमाराला समाजाची स्वतःची तपासणी असेल तर ती. कित्येकांकडे ती आहे. केप ब्रेटन विद्यापीठातून चालणारी मिग्माव लोकांची तपासणी समिती, मिग्माव एथिक्स वॉच, हे एक जुनं उदाहरण. आणि मग आपल्या विद्यापीठाचं एथिक्स बोर्ड. उत्तरेत काम असेल तर प्रदेशाचा वेगळा परवानाही लागतो: नुनावुतमध्ये नुनावुत रिसर्च इन्स्टिट्यूट, नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये ऑरोरा रिसर्च इन्स्टिट्यूट, युकॉनमध्ये तिथलं सरकार. यांच्या मुदती आपल्या बोर्डाच्या मुदतींशी जुळत नाहीत. भिंतीवर एकच मोठं वेळापत्रक लावून त्यावर सगळ्या लिहा.

त्याच वेळापत्रकावर समाजाचं वर्षही लिहा. उत्तर क्वेबेकमधल्या क्री लोकांच्या भागात वसंतात गूज ब्रेक असतो. रानहंसांच्या शिकारीसाठी माणसं रानात जातात, शाळा बंद असतात. त्या दोन आठवड्यांत ‘शुक्रवारपर्यंत सही हवी’ असा ईमेल पाठवणं म्हणजे ऐन दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ऑडिट लावणं. दुर्गम वस्त्यांत नदी गोठताना आणि फुटताना ये-जा बंद पडते. गावात कोणाचं निधन झालं तर कार्यालय बंद राहतं आणि ठरलेली बैठक रद्द होते. त्यावर ‘पुढची तारीख कळवा’ असं लगेच विचारू नका, एक आठवडा जाऊ द्या.

कराराखाली सही कोणाची घ्यायची हा प्रश्न कायदा विभागाला सोपा वाटतो: निवडून आलेली बँड कौन्सिल (बँड म्हणजे इंडियन अॅक्टखालचं फर्स्ट नेशनचं प्रशासकीय एकक), तिचा ठराव, संपलं. प्रत्यक्षात काही ठिकाणी वंशपरंपरेने आलेले प्रमुख वेगळे असतात आणि जमिनीच्या, गोष्टींच्या, गाण्यांच्या बाबतीत शब्द त्यांचा किंवा एखाद्या कुळाचा असतो. हे आपण ठरवायचं नाही. संशोधकाला विचारा, संशोधकाने गावात विचारलेलं असलं पाहिजे. फाइलवर लिहून ठेवा की कोणाच्या सांगण्यावरून ही सही घेतली.

संमतीपत्राबद्दल एक बारीक गोष्ट. संमती नोंदवली गेली पाहिजे, पण ती सहीनेच, असा नियम नाही. तोंडी संमती ध्वनिमुद्रित करून किंवा टिपून ठेवता येते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली डेल्गामूक या जमीनहक्काच्या खटल्यात मौखिक इतिहास पुरावा म्हणून धरला पाहिजे असं सांगितलं. तेव्हा विद्यापीठाच्या कारकुनाने तोंडी शब्दाला नाक मुरडू नये.

चौथी पायरी: मानधन

सगळ्यात जास्त नाती इथे तुटतात, म्हणून जरा सविस्तर.

‘एल्डर’ हा वयाचा शब्द नाही. समाजाने ज्यांना तो मान दिला त्या व्यक्ती. त्या वर्गात बोलायला, समितीवर बसायला, कार्यक्रमाची सुरुवात करून द्यायला येतात, आणि त्यांना मानधन दिलं जातं. आमच्याकडे एकदा एक एल्डर बाई चार तास गाडीतून आल्या. नातीने गाडी चालवली. बाई दीड तास बोलल्या, विद्यार्थी हलले नाहीत. निघताना विभागातल्या कोणीतरी त्यांच्या हातात पाच पानांचं बाड दिलं: पुरवठादार नोंदणी, सामाजिक विमा क्रमांक, रद्द केलेला चेक, बीजक, शिवाय ‘आपण याआधी या विद्यापीठाचे कर्मचारी होता का’. बाईंनी ते घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. पैसे अकराव्या आठवड्यात गेले. पुढच्या वर्षी आमंत्रण गेलं, उत्तर आलं नाही. मी ती फाइल नंतर पाहिली. एकही नियम मोडलेला नव्हता.

आता मी असं करते. आमंत्रण पक्कं झालं की त्याच दिवशी काम सुरू. जी माहिती लागते ती मी फोनवर विचारते आणि फॉर्म मी भरते. सामाजिक विमा क्रमांक का लागतो तेही सांगते: वर्षभरात एका माणसाला ५०० डॉलरच्या वर रक्कम गेली की विद्यापीठाला टी-फोर-ए स्लिप (करासाठी उत्पन्नाचा दाखला) द्यावी लागते. हे आधी सांगितलेलं नसलं की फेब्रुवारीत घरी स्लिप येते आणि माणूस बुचकळ्यात पडतो. स्टेटस असलेल्या व्यक्तीला कर लागत नाही असं कोणी छातीठोकपणे सांगेल. ते सरसकट खरं नाही, उत्पन्न रिझर्व्हशी (फर्स्ट नेशनसाठी राखून ठेवलेल्या जमिनीशी) जोडलेलं आहे का यावर ते ठरतं. त्यात सल्ला देऊ नका, फायनान्समधल्या कर पाहणाऱ्या माणसाचा नंबर द्या. हा क्रमांक ईमेलने मागवू नका, हे वेगळं सांगायला नको.

चेक कार्यक्रमाच्या आधी तयार हवा. अकाउंट्स म्हणेल, सेवा मिळाल्याशिवाय पैसे देता येत नाहीत. बरोबर आहे, चेक काढून ठेवता येतो, देणं त्या दिवशी होतं. हे अकाउंट्सच्या प्रमुखांशी वर्षातून एकदाच बोलून लेखी घ्या, दर वेळी भांडू नका. चेकवर नाव कोणतं हे विचारा, कारण ज्या नावाने अख्खं गाव ओळखतं ते बँकेत नसतं. कुठे वटवणार तेही विचारा. उत्तरेकडच्या बऱ्याच वस्त्यांत बँकेची शाखाच नाही. पाकीट सगळ्यांसमोर व्यासपीठावर देऊ नका. कार्यक्रम संपल्यावर, बाजूला, यजमान संशोधकाने हातात द्यावं. तुम्ही पाकीट फक्त त्यांच्यापर्यंत पोचवायचं.

प्रवासाचं तिकीट आणि हॉटेल आपणच काढायचं. ‘आधी खर्च करा, पावत्या द्या, भरून देऊ’ ही पगारदार प्राध्यापकांसाठी बनवलेली रीत आहे. हॉटेलला आधी फोन करून सांगायचं की अनामत रकमेसाठी पाहुण्यांकडे क्रेडिट कार्ड मागू नका, विद्यापीठाच्या खात्यावर टाका. हा फोन मी दोनदा करते, बुकिंग करताना आणि आदल्या दिवशी, कारण रात्रपाळीच्या माणसाला निरोप मिळालेला नसतो. एल्डरबरोबर बहुतेक वेळा मदतनीस असतो; क्री भाषेत त्याला ओस्कापेविस म्हणतात. तो ‘सोबत आलेला नातेवाईक’ नसतो, त्याचं काम ठरलेलं असतं. त्याचा प्रवास, जेवण आणि मानधन बजेटमध्ये पहिल्यापासून हवं.

आणि तंबाखू, कापड, भेटवस्तू. अनुदान संस्थांची आर्थिक मार्गदर्शिका २०२० पासून तत्त्वांवर चालते: खर्च संशोधनाला थेट उपयोगी आहे का, विद्यापीठ तो एरवी देतं का, तो काटकसरीने केला आहे का, त्यातून संशोधकाचा स्वतःचा फायदा होतो का. मूलनिवासी भागीदारांबरोबरच्या रीतीचा खर्च या कसोटीला सहज उतरतो. पावतीवर एक ओळ लिहायला लावा: ‘अमुक दिवशी, अमुक नेशनच्या एल्डरना, ज्ञान विचारताना दिलेली भेट.’ माझ्या कपाटात आता त्या वाक्याचा नमुना चिकटवलेला आहे. ऑडिटमध्ये आजवर अडला नाही.

रक्कम किती? तुमच्या विद्यापीठात मूलनिवासी केंद्राने दर ठरवले असतील तर तेच घ्या. नसतील तर बाहेरून बोलावलेल्या नामवंत प्राध्यापकाला जेवढं देतो तेवढं तरी द्या. एल्डरना २०० डॉलर आणि व्याख्यात्याला २००० अशा दोन पावत्या एकाच फाइलमध्ये मी पाहिल्या आहेत.

पाचवी पायरी: खोली आणि धूर

सेज, स्वीटग्रास किंवा सीडर या सुगंधी वनस्पती जाळून धूर देण्याच्या विधीला स्मजिंग म्हणतात. विद्यापीठाच्या इमारतीत धूर म्हणजे अलार्म. बहुतेक विद्यापीठांत यासाठी आता नियमावली आहे: इमारत विभागाला काही दिवस आधी कळवायचं, ते त्या खोलीपुरता डिटेक्टर बंद ठेवतात, दारावर सूचना लावतात. तुमचं काम ते कळवणं, आणि कार्यक्रम संपल्यावर ‘आता चालू करा’ हेही कळवणं. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. खुर्च्या गोलात मांडायच्या असतील तर खिळवलेल्या बाकांचा वर्ग घेऊन उपयोग नाही. जेवण सगळ्यांना पुरेल इतकं, आणि एल्डरना आधी.

सहावी पायरी: विद्यार्थ्यांची फाइल

‘त्यांना शिक्षण फुकट असतं’ हे वाक्य पहिल्या महिन्यात कोणीतरी तुम्हाला ऐकवेल, कदाचित चहाच्या टेबलावर आपलाच माणूस. फर्स्ट नेशन्सच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारचा निधी आहे, तो बहुतेक करून त्यांच्या बँडमार्फत येतो, तो मर्यादित असतो आणि अर्ज करणाऱ्या सगळ्यांना पुरत नाही. ज्यांना मिळतो त्यांच्याकडे प्रायोजकत्वाचं पत्र असतं. हे पत्र विद्यापीठाच्या फी भरायच्या तारखेच्या आत येईलच असं नाही. तारीख उलटली की प्रणाली आपोआप खात्यावर होल्ड लावते. मग विषय नोंदवता येत नाहीत, लायब्ररी बंद, आणि विद्यार्थी गावी फोन करत बसतो. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. सत्र सुरू होण्याच्या महिनाभर आधी प्रायोजित विद्यार्थ्यांची यादी फी विभागाला देऊन होल्ड थांबवा. आणि बिल थेट बँडच्या शिक्षण अधिकाऱ्याला पाठवा, विद्यार्थ्याला टपालवाला बनवू नका.

ओळखीचा प्रश्न नाजूक आहे. मूलनिवासी असल्याचे खोटे दावे करून पदं आणि शिष्यवृत्त्या घेतल्याची प्रकरणं अलीकडे उघडकीला आली, आणि स्वतः लिहिलेल्या एका टिकमार्कवर विश्वास ठेवायचं विद्यापीठं सोडत आहेत. तुमच्या विद्यापीठाची पडताळणी समिती असेल, आणि तिच्यात मूलनिवासी सदस्य असतील. कागद त्यांच्याकडे पाठवा. चेहऱ्यावरून, आडनावावरून, ‘स्टेटस कार्ड कुठे आहे’ असं काउंटरवर विचारून आपण निकाल द्यायचा नाही. मेटी माणसाकडे स्टेटस कार्ड नसतंच.

प्रबंधाच्या बाबतीत ग्रॅज्युएट स्टडीजच्या नियमावलीला घाम फुटतो. २०१० मध्ये यॉर्क विद्यापीठात एका संशोधकाने पीएच.डी.चा प्रबंध मिग्माव भाषेत लिहिला, आणि त्याची तोंडी परीक्षा विद्यापीठात न होता त्याच्या समाजात, क्वेबेकमधल्या लिस्तुगुजला झाली. २०१५ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात निस्गा नेशनच्या एका वास्तुविशारदाने जवळजवळ विरामचिन्हांशिवायच प्रबंध सादर केला. अशी फाइल तुमच्याकडे आली तर ‘नमुन्यात बसत नाही’ म्हणून परत करायच्या आधी डीनकडे अपवादाची लेखी विनंती तयार करा. परीक्षा गावात असेल तर समितीचा प्रवास, तिथल्या सभागृहाचं भाडं आणि गावजेवणाचा खर्च कोणत्या खात्यातून, हे सहा महिने आधी सोडवावं लागतं. एल्डर समितीवर असतील तर ‘परीक्षकाकडे पीएच.डी. हवी’ ही अट आडवी येते. तिच्यासाठीही अपवाद मागता येतो. एकदा मिळाला की त्या पत्राची प्रत जपून ठेवा, पुढच्या वेळी तीच उपयोगी पडते.

सातवी पायरी: माहिती कोणाची, कपाट कोणाचं

फर्स्ट नेशन्सच्या माहितीसाठी ओकॅप नावाची तत्त्वं १९९८ पासून चालत आली आहेत: मालकी, नियंत्रण, माहितीपर्यंत पोच आणि ताबा. पहिली तीन तत्त्वं विद्यापीठं भाषणात मान्य करतात. ताबा म्हटलं की आवाज बदलतो, कारण त्याचा अर्थ मुलाखतींची मूळ ध्वनिमुद्रणं प्रत्यक्ष कोणाच्या सर्व्हरवर आहेत. ओकॅप फर्स्ट नेशन्सचं आहे. इन्युइट आणि मेटी प्रकल्पांच्या करारात तो शब्द आंधळेपणाने चिकटवू नका. इन्युइट समाजाचं स्वतःचं संशोधन धोरण २०१८ मध्ये इन्युइट तापिरीत कानातामी या संस्थेने प्रसिद्ध केलं आहे.

मार्च २०२१ मध्ये तिन्ही अनुदान संस्थांनी संशोधन-माहितीच्या व्यवस्थापनाचं धोरण आणलं. त्यात मूलनिवासी समाजांचा आपल्या माहितीवरचा हक्क मानला आहे. म्हणून ‘सगळी माहिती खुल्या भांडारात टाका’ असा सरसकट आग्रह लायब्ररीकडून आला तर करार काढून दाखवा. काही गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगायच्या असतात, काही एका कुळाबाहेर जायच्या नसतात. त्या प्रबंधात असतील तर तेवढा भाग वगळून सादर करण्याची किंवा प्रसिद्धी रोखण्याची सोय ग्रॅज्युएट स्टडीजकडे असते. ती मागण्याची तारीख मात्र सादरीकरणाच्या आधीची असते, नंतरची नाही.

ग्रँट बंद करताना माझी तपासणी अशी असते. समाजाला द्यायच्या प्रती गेल्या का, आणि त्यांना उघडता येतील अशा स्वरूपात गेल्या का? तिथलं इंटरनेट मंद असेल तर लिंक पाठवून भागत नाही, ड्राइव्ह टपालाने पाठवावा लागतो. अहवालाचा मसुदा गावात वाचून दाखवण्याची बैठक झाली का, आणि त्या बैठकीचं मानधन ग्रँटच्या शेवटच्या तारखेच्या आत नोंदलं गेलं का? तारीख उलटल्यावर ते कोणत्याच खात्यात बसत नाही, म्हणून बैठक लांबणार असं दिसलं की मी मुदतवाढीचा अर्ज दोन महिने आधी टाकते. संशोधक दुसऱ्या विद्यापीठात चालला असेल तर प्रयोगशाळेच्या फ्रीजची, लॅपटॉपची आणि कपाटाची यादी त्याच्यासमोर बसून करते, आणि प्रत्येक वस्तूपुढे करारात लिहिलेलं ठिकाण लिहिते. एकदा त्या यादीत सीडरच्या लाकडाची एक छोटी पेटी निघाली. कोणाची ते संशोधकालाही आठवेना. तीन फोन लागले, मालकीणबाई सापडल्या, पेटी नोंदणीकृत टपालाने गेली. टपालाचे १८ डॉलर त्याच ग्रँटमध्ये टाकले.